अंदमानला निघालेल्या वऱ्हाडी घरांना

तुमच्या घरी बदलीचा कागद आला असेल आणि त्यावर पोर्ट ब्लेअरचं नाव असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. २०२४ च्या सप्टेंबरात त्या शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, पण बाजारात, बोटीवर आणि शेजारणींच्या तोंडी जुनंच नाव रुळलेलं आहे, म्हणून मीही तेच वापरते. बँक, टपाल, नौदल, तटरक्षक दल, केंद्रीय विद्यालय, हवामान खातं अशा कितीतरी नोकऱ्यांतून अकोला-अमरावतीची माणसं तिकडे जातात. माझे यजमान असेच गेले. २०१३ ते २०१९ अशी सहा वर्षं आम्ही तिथे राहिलो. मुलगी तिथे पहिलीत बसली आणि सहावी करून परत आली.

कागद आला त्या दिवशी सासूबाई ओसरीवर बसून म्हणाल्या, "काहून जाता वं माय तिकडं? ते तं काळं पानी हाय." त्यांचं चुकलं नव्हतं. सेल्युलर जेल १९०६ साली बांधून पूर्ण झालं, सावरकर १९११ पासून दहा वर्षं तिथे होते, एवढं मराठी घरात शाळेपासून माहीत असतं, आणि त्यापुढचं काहीच माहीत नसतं. मग घरात ठरतं की गड्यानं एकट्यानं जावं, तीन वर्षं काढावीत, बायको-पोरं इथेच राहतील. माझं पहिलं सांगणं हे की असं करू नका. एकट्या राहिलेल्या माणसांची संध्याकाळ तिथे कशी जाते ते मी पाहिलं आहे. मेसचं जेवण, खोलीतला टीव्ही, मग बाटली, आणि सुट्टीत घरी आल्यावर ओळख नसल्यासारखं बघणारं लेकरू. म्हाताऱ्यांचं दुखणं किंवा मुलांची दहावी-बारावी आड येत नसेल, तर सगळ्यांनी जा.

आणि गेलात तर सामान उघडा. आमच्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब होतं, आपल्याच महाराष्ट्रातलं. त्यांनी तीन वर्षं फ्रीजचं आणि टीव्हीचं खोकं फेकलं नाही, परत जाताना लागेल म्हणून. दिवाणखान्यात खोक्यांची भिंत उभी होती. त्या वहिनींनी खिडकीला पडदे लावले नाहीत, कुंडीत तुळस लावली नाही, शेजारी कोण राहतं ते विचारलं नाही. भेटल्या की एकच बोलणं, आता अठरा महिने राहिले, आता चौदा राहिले. पावसाळ्यात त्या खोक्यांनाच आधी बुरशी लागली. त्या बाईचं मला फार वाईट वाटायचं, आणि पहिल्या पावसाळ्यात मीही तशीच दिवस मोजत होते, म्हणून जास्तच वाटायचं.

आता रोजच्या जगण्याचं सांगते. आधी घड्याळ, कारण माणूस पहिल्यांदा तिथेच बिघडतो. अकोला ७७ रेखांशावर आहे, पोर्ट ब्लेअर जवळजवळ ९३ वर. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य तिकडे तासभर आधी येतो आणि आधी जातो. जूनमध्ये पाचच्या आत उजाडतं आणि पावणेसहाला दिवस मावळतो. डिसेंबरात तर संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडतो. आपल्याकडे जूनमध्ये सात वाजता अंगणात बसून तांदूळ निवडता येतात. मी तिथे पहिल्या आठवड्यात सवयीनं साडेसातला कणीक मळायला घेतली, तेव्हा बाहेर मध्यरात्रीसारखं किर्र झालेलं. उदास वाटायचं, रडू यायचं, आणि आपल्याला काय झालंय तेच कळायचं नाही. झालेलं एवढंच होतं की अंधार जास्त आणि उजेड कमी वाट्याला येत होता. साडेसहाला उठणाऱ्या माणसाचा दीड-दोन तासांचा उजेड तिथे झोपेत जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून साडेचारला उठा. चालणं, भाजी आणणं, कपडे धुणं सातच्या आत उरका. रात्रीचं जेवण सातला, झोप नऊला. पंधरा दिवस जड जातं, मग अंगवळणी पडतं.

दुसरं उन्हाचं. आपण उन्हातली माणसं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी दुपट्टा बांधून बाजारात जातो. तिकडे पारा ३१-३२ च्या पुढे फारसा जात नाही, म्हणून आपल्याला वाटतं, काय गर्मी असणार! पण अकोल्याचा घाम वाळतो आणि तिथला वाळत नाही. अंगाला पातळ वंगण लावल्यासारखं दिवसभर वाटतं. आम्ही काय केलं, तर घरचा मोठा कूलर नेला. हावड्याकडे जाणाऱ्या गाड्या अकोला आणि बडनेरा दोन्हीकडे थांबतात, कोलकात्याहून जहाज मिळतं, चेन्नईहूनही मिळतं, आणि समुद्रातले तीन-चार दिवस काढून सामान पोचतं. तो कूलर एवढा प्रवास करून आला आणि चार दिवसांत बंद पडला. बिघडला नव्हता, बंद करावा लागला. कूलर गार करतो तो पाणी वाळवून. आपल्या कोरड्या हवेत वाळ्यावरचं पाणी झरझर वाळतं आणि हवा गार होते. तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, ती आणखी काय पिणार? खोलीत नुसता दमटपणा वाढला, गादी ओली लागायला लागली. तेव्हा कूलर नेऊ नका. पंखे जास्तीचे न्या, सुती कपडे न्या, आणि घर बघताना समोरासमोर खिडक्या आहेत का ते आधी बघा. आणि तहान लागली नाही तरी पाणी पीत राहा. अकोल्यात ऊन आपल्याला पाणी प्यायला लावतं, तिथे ते कोणी सांगत नाही.

ओलाव्याबद्दल जितकं सांगू तितकं कमी. अकोल्यात वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस झाला की बरं वर्ष म्हणतो. तिथे तीन हजारांच्या आसपास पडतो, आणि दोन्ही मोसमांत पडतो. केरळात मान्सून यायच्या आधी, साधारण २० मेच्या सुमाराला तो अंदमानात उतरतो, आणि परतीचा पाऊस डिसेंबरापर्यंत रेंगाळतो. पहिल्या दिवाळीला मी लग्नातला शालू काढला. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवला होता, अकोल्यात ठेवते तसा. उघडला तर जरीच्या काठावर हिरवट ठिपके, आणि घडीवर मोहरीएवढे पांढरे डाग एका ओळीत. वास कुबट. मी तो मांडीवर घेऊन बसले. शेजारची बंगाली बौदी आली, तिनं काही न बोलता माझं कपाट उघडलं, आत हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "बल्ब नहीं लगाया?" तिथे कपाटात खालच्या कप्प्यात पिवळा बल्ब लावून ठेवतात. पावसाळ्यात तो दिवसाचे काही तास जळतो आणि कपाट कोरडं राहतं. कपडे त्याच्यापासून हातभर लांब ठेवायचे, एवढं सांभाळा. कपडे प्लास्टिकमध्ये कोंडायचे नाहीत, जुन्या सुती लुगड्यात बांधायचे, आणि आठवड्यातून एकदा पंख्याखाली पसरायचे. शालू शेवटी मी इथे अकोल्यालाच ठेवला. जरीचं, चामड्याचं आणि आठवणीचं काहीही तिकडे नेऊ नका.

मुलांचे दाखले, जातीचं प्रमाणपत्र, सातबारा, पासबुकं यांच्यासाठी रबराच्या कडेचा घट्ट डबा घ्या आणि त्यात औषधांच्या, बुटांच्या खोक्यात येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका. मूळ कागद इथेच भावाकडे ठेवून नकला नेल्या तर आणखी बरं. भाकरीचा लोखंडी तवा धुतला की लगेच पुसून तेलाचं बोट फिरवायचं, नाहीतर एका रात्रीत तांबडा होतो. सायकलची साखळी, शिलाई मशीन, खिडकीच्या कड्या यांनाही तेल. हे कोकणातल्या बाईला सांगावं लागत नाही, आपल्याला सांगावं लागतं.

आता भाकरीकडे येते. ज्वारी तिथल्या बाजारात सहज मिळत नाही. भात आणि मासे हे तिथलं खाणं. मी पहिल्या खेपेला वीस किलो पीठ दळून नेलं. दीड महिन्यानं डबा उघडला तर पिठाला कोळिष्टकासारखी जाळी धरलेली, आत आळ्या. वीस किलोतलं अर्धं फेकलं, आणि फेकताना माहेरचं शेत आठवलं. पुढे शिकले. ज्वारी आख्खी न्यायची, इथल्या चैत्राच्या उन्हात चांगली तीन दिवस खणखणीत वाळवून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून, पत्र्याच्या कोठीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यांत पाच-पाच किलो भरून. म्हणजे एक डबा बिघडला तर बाकीचे वाचतात. आणि घरघंटी न्यायची. आठ दिवसांपुरतं दळायचं. तूरडाळीचंही तसंच, डबे छोटे आणि झाकणं घट्ट. जवसाची चटणी, तिखट, काळा मसाला महिन्यापुरता बाहेर, बाकी फ्रीजमध्ये. मिठात तांदळाचे दाणे टाका.

वाळवणाचं वेळापत्रक उलटं आहे. आपल्याकडे कुरड्या, पापड, सांडगे, बिबड्या एप्रिल-मेमध्ये होतात. तिथे मेमध्ये पापड लाटलात तर ते वाळायच्या आधी आंबतील. फेब्रुवारी-मार्च हे तिथले कोरडे महिने, तेव्हाच करून घ्या. मी गच्चीवर कुरड्या घातल्या त्या दिवशी सगळ्या इमारतीतल्या बायका बघायला आल्या होत्या. गव्हाचा चीक त्यांनी कधी खाल्ला नव्हता. वाटीवाटीनं सगळा चीक संपला.

बेटावर कांदा, बटाटा, डाळ, तेल, गॅस, औषधं, सिमेंट, सगळं जहाजानं येतं. चेन्नई किंवा कोलकाता, कुठलंही धरा, बाराशे-तेराशे किलोमीटरचा समुद्र मध्ये आहे. जहाज लागलं की बाजार भरतो आणि लांबलं की कांद्याचा भाव चढतो. आम्ही गेलो त्याच वर्षी, २०१३ च्या नोव्हेंबरात, लेहर नावाचं चक्रीवादळ पोर्ट ब्लेअरजवळून गेलं. वीज गेली, झाडं पडली, बोटी थांबल्या. मी अकोल्याच्या सवयीनं घरात चार दिवसांचाच किराणा ठेवलेला. तिसऱ्या दिवशी घरात कांदा नाही, बटाटा नाही, हिरवं पान नाही. तेव्हा मागच्या गल्लीत राहणारी, झारखंडहून तीन पिढ्यांपूर्वी आलेल्या घरातली एक बाई, तिला तिथे सगळे रांचीवाली म्हणतात, परड्यातली कच्ची पपई आणि मायाळूची जुडी घेऊन आली. मी तो मायाळू तूरडाळीत घालून, वरून लसणाची फोडणी देऊन आपली डाळभाजी केली आणि तिला वाटीभर दिली. तिला ती इतकी आवडली की पुढे सहा वर्षं आमच्यात ही देवाणघेवाण चालली. तुम्ही मात्र वादळाची वाट बघू नका. पंधरा दिवसांचा किराणा, महिन्याची दुधाची पावडर, दोन महिन्यांची रोजची औषधं, एक भरलेलं सिलिंडर, बॅटरी, मेणबत्त्या, हे घरात कायम असू द्या.

भाजीसाठी डोळे उघडे ठेवा. आपण ज्याला धोपा म्हणतो तो अळू तिथे वाटेल तिथे वाढतो. कच्ची केळी, केळफूल, कच्ची पपई, मायाळू, पाण्यात वाढणारी कलमी, हे जहाजाची वाट न बघता मिळतं आणि स्वस्त मिळतं. मेथी आणि सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर) कुंडीत लावता येतो, फक्त पावसाचा मारा चुकवून. वांग्याचं भरीत होतं, पण ते इथल्या वांग्यासारखं लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मासे खात नसाल तर खाऊ नका, कोणी बळजबरी करत नाही. मात्र शेजारच्या सुक्या मासळीच्या वासाला नाक मुरडू नका. आपल्या ठेच्याच्या फोडणीनं अख्खी इमारत खोकते, तेव्हा ती माणसं काही म्हणत नाहीत.

भाषेची काळजी करू नका. तिथे सगळ्यांची हिंदी चालते, आणि वऱ्हाडी माणसाला हिंदी परकी नाही. काळ्या पाण्याच्या कैद्यांचे वंशज स्वतःला लोकल म्हणवतात, फाळणीनंतर वसवलेले पूर्व बंगालचे निर्वासित आहेत, तमिळ, तेलुगू, मल्याळी आहेत, १९२५ च्या सुमाराला ब्रह्मदेशातून आणलेले करेन आहेत. जवळजवळ प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी बाहेरून आलेलं, म्हणून नवीन माणसाला तिथे लवकर घरात घेतात. तुम्ही फक्त पहिल्या आठवड्यात एक डबा घेऊन शेजारचं दार वाजवा. गणपतीत मराठी माणसं भेटतील, नक्की जा. पण तेवढ्याच दहा घरांत गोल गोल फिरत बसू नका.

पाण्याचं वाचून आश्चर्य वाटेल. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात मार्च-एप्रिलमध्ये नळ दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतो. डोंगराळ बेट, पाऊस पडला की तासाभरात समुद्रात. शहराला मुख्य आधार धनीखाडीच्या धरणाचा. पण आपल्याला याची सवय आहे. अकोल्यात आठवड्यातून एक-दोनदा नळ येतो तेव्हा कशी भांडी भरून ठेवतो तसंच करायचं, आणि शिवाय छताची पन्हळ पिंपात सोडायची. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातून, दर्यापूर-अकोटकडून जाणाऱ्या बाईला तर गोड्या पाण्याची किंमत मी सांगायला नको. तिथे ती सगळ्यांना शिकवील.

तब्येतीबद्दल तीन गोष्टी सांगते, आणि त्या हलक्यात घेऊ नका. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नका, मुलांना चालू देऊ नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस तिथे आहे, आणि तो पायाच्या साध्या खरचटण्यातून शिरतो. दुसरं, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर. मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही आहेत, घरच्या गोळ्यांवर दोन दिवस काढायचे नाहीत. मच्छरदाणी रोज. तिसरं, गोम. आपल्याकडची गोम बोटाएवढी, तिथली वीतभर असते आणि तिचा डंख प्रौढ माणसालाही रडवतो. बूट घालण्याआधी झटकायचा, अंथरूण टाकण्याआधी झटकायचं.

समुद्राचं मी जरा कडक सांगते. आपली मुलं विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि त्यांना वाटतं पाणी ते पाणी. तसं नाही. लाटेखालून आत ओढणारा प्रवाह विहिरीत नसतो, भरती-ओहोटी विहिरीत नसते. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे, आणि तिनं माणसं मारलेली आहेत. किनाऱ्यावर मगरीची पाटी असेल तिथे पाण्यात गुडघाभरही उतरू नका. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ, तिन्हीसांजेला तर मुळीच नाही. जीवरक्षक बसतात तिथेच, ते असतात तेवढ्याच वेळात पोहा. पाहुणे येतील, त्यांना हे आधी सांगा. सुट्टीला आलेले भाचे-पुतणेच सगळ्यात जास्त धडपडतात. आणि शंख, प्रवाळ पिशवीत भरून आणू नका. प्रवाळ उचलणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात.

भूकंपाचं आपल्या विदर्भात कोणी शिकवत नाही. किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३ चा, आपण पेपरात वाचला. अंदमान-निकोबार देशातल्या सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात येतात आणि छोटे धक्के तिथे अधूनमधून बसतातच. २६ डिसेंबर २००४ ला सकाळी साडेसहाच्या सुमाराला धक्का बसला आणि मागून समुद्र आला. निकोबारमध्ये गावंच्या गावं गेली. दक्षिण अंदमानची जमीन खचली. सिप्पीघाटची शेतं पाण्याखाली गेली आणि पाणी परत हटलंच नाही. आमच्या दूधवाल्याचं त्यातच शेत होतं. रस्त्यावरून जाताना तो पाण्यातल्या वाळक्या माडांकडे बोट दाखवून सांगायचा, तो बांध माझा. तेव्हा घर घेताना शक्य असेल तर उंचावर घ्या. किनाऱ्याजवळ असताना धक्का लांबला, उभं राहणं अवघड झालं, की कोणाच्या सूचनेची वाट न बघता, सामान न घेता, चढाकडे चालायला लागा. मुलांना ती वाट दिवसा पायी चालून दाखवून ठेवा.

उत्तरेला बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यापासून गाड्या ताफ्यानं सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही, असा कायदा आहे. मला याबद्दल पोटतिडकीनं बोलायचं आहे, कारण आपण अकोला-अमरावतीची माणसं मेळघाटात काय करतो ते मी बघत आले आहे. चिखलदऱ्याला जाताना गाडी थांबवून कोरकू पोरांना बिस्किटाचा पुडा दाखवायचा आणि फोटो काढायचा. देणाऱ्याला वाटतं आपण पुण्य केलं. जारवा आज मोजकेच उरले आहेत. त्यांच्या शेजारचे ग्रेट अंदमानी एकेकाळी हजारांनी होते, ते बाहेरच्यांनी आणलेल्या रोगांनी मूठभर झाले. गोवर आपल्या घरात आठ दिवसांत बरा होतो, त्यांच्यात तो घरं रिकामी करू शकतो. तुमच्या गाडीत कोणी काच खाली करून चॉकलेट धरलं तर त्याचा हात धरून काच वर करा, मग तो तुमचा साहेब असो की मेहुणा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. माझे वडील २०१६ च्या श्रावणात गेले. फोन दुपारी आला. त्या दिवशीचं शेवटचं विमान निघून गेलं होतं, रात्री विमानं नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई, तिथून नागपूर, नागपूरहून अडीचशे किलोमीटर गाडीनं, आणि मग अकोटकडचं आमचं गाव. मी पोचले तेव्हा राख सावडण्याची तयारी चालली होती. कोणाचं चुकलं नव्हतं, देह थांबत नाही. पण भावाशी माझं याबद्दल आधी काहीच बोलणं झालं नव्हतं, म्हणून तो कित्येक महिने माझ्या नजरेला नजर देत नव्हता आणि मी त्याच्या. निघण्याआधी हे बोलून घ्या. आईवडिलांसमोर बोला, त्यांना विचारा. अग्नी कोणी द्यायचा, कोणासाठी थांबायचं आणि किती, मुलगी पोचली नाही तर तिच्यासाठी काय ठेवायचं. अशुभ बोलतो असं वाटेल. माझ्या आईनं नंतर स्वतःहून विषय काढला आणि म्हणाली, माझ्या वेळी थांबू नका, तुझ्यासाठी माझं नऊवारी ठेवीन. विमानाच्या भाड्याएवढी रक्कमही वेगळ्या खात्यात पडू द्या, आयत्या वेळचं तिकीट फार महाग असतं.

मुलांच्या मराठीचं थोडक्यात. शाळेत मराठी नसते. महाराष्ट्रात परत आल्यावर ती लागते, २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत सक्तीची आहे. रोज अर्धा तास पाटी घेऊन बसवा, बालभारतीची पुस्तकं आणि किशोर मासिक मागवा. मॉरिशसला आपली कोकणातली माणसं पावणेदोनशे वर्षांपूर्वी करारावर मजूर म्हणून गेली, तिथे आजही गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकता येतं. त्यांच्या हाताशी छापील अंक नव्हते, फोन नव्हता. आपल्याला तर चार-सहा वर्षांचाच प्रश्न आहे.

शेवटचं इथे मागे राहणाऱ्यांसाठी, आईवडील, सासूसासरे यांच्यासाठी. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली तार सुरू झाली, आमच्या वेळेपेक्षा आता फोनवर तोंड स्वच्छ दिसतं. रोज फोन करा, पण कधी येता हे रोज विचारू नका. काय शिजवलं, पाऊस आला का, शेजारीण कशी आहे, ते विचारा. आणि रात्री नऊ वाजता जेवणं आटोपून फोन करण्याची आपली सवय सोडा. नऊला त्यांची मध्यरात्र झालेली असते, पोरं झोपलेली असतात, आणि दमलेल्या माणसाला त्या वेळी घरची आठवण जास्त छळते. संध्याकाळी सहाला करा. सासूबाईंना घड्याळ नीट वाचता यायचं नाही, त्यांनी नातवाकडून विचारून घेऊन भिंतीवरच्या घड्याळात सहाच्या आकड्यावर कुंकवाचं बोट लावलं होतं. लहान काटा त्या बोटाला टेकला की आमचा फोन वाजायचा.